सातवीचे एकेचाळीस कागद

प्रज्ञानं सातवीत एकेचाळीस कागद वाटले होते. परत आले अकरा.

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, आटोपून शाळा नुकती पुन्हा नीट भरायला लागली होती. सोमवारी पहिल्या तासाला तिनं विचारलं, "बाकीच्यांचे कुठे आहेत?" तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढच्या बाकावरची हिमानी तशी बोलकी पोरगी, पण तीही पेन्सिलीचं टोक चावत बसली.

"हिमानी, तुझा कागद?"

"आबाजी म्हणते, नाही द्यायचा."

"का गं?"

"मले नाही माहीत, मॅडम."

अशी सात-आठ उत्तरं आली. कोणाचे बाबा नाही म्हणत होते, कोणाची आई. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगायचं नव्हतं. प्रज्ञानं आलेले अकरा कागद उलगडून एकेक नाव वाचलं. पहिला चंचलचा होता. सहाव्या-सातव्या नावापर्यंत येता येता तिच्या लक्षात आलं. हजेरीपट काढायची गरज नव्हती. अकराच्या अकरा पोरं विहाराकडच्या वस्तीतली होती. तिच्या स्वतःच्या समाजाची. गावातल्या बाकीच्या तीस घरांतून एकही कागद आला नव्हता.

तिनं कागदांची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि फळ्यावर खंडांची नावं लिहायला लागली. आशिया लिहिताना खडू मोडला.

शाळा मध्य प्रदेशातली, तिगावच्या पलीकडची, सहावी ते आठवीची, सरकारी. प्रज्ञा तिथं अतिथी शिक्षक होती. नावाप्रमाणेच पाहुणी. पावसाळ्यात नेमणुकांची यादी निघायची तेव्हा जीव टांगणीला लागायचा आणि एप्रिलमध्ये पाहुणचार संपायचा. नऊ वर्षांत तिनं पाच शाळा पाहिल्या होत्या. विषय तोच, सामाजिक विज्ञान. पुस्तक हिंदीत, पोरं मराठी बोलणारी. तेव्हा हिंदीतला धडा वाचायचा आणि मराठीतून उकलून सांगायचा.

भूगोलाची आवड तिला वडिलांनी लावली, तीही नकळत. शालिकराम सौंसरला वीज मंडळात लाइनमन होते. दिवसभर खांबांवर चढून घरी आले की कोणत्या गावात कुठून तार फुटली, जामसांवलीच्या जत्रेत कुठवर दिवे लागले, मोहगावहून पुढं नदी ओलांडायला किती खांब लागले, हे सगळं जेवताना सांगायचे. प्रज्ञा त्याचे नकाशे काढायची. दहाव्या वर्षी तिला सौंसर तहसिलीतला एकेक खांब कागदावर दाखवता यायचा. पुढं इतिहासात एम.ए. झाली, लग्न होऊन पांढुर्ण्याला आली आणि शिकवायला लागली.

संशयाची सवय मात्र वडिलांकडून आली नव्हती. ती शाळांमधून लागली. मागच्या एका शाळेत स्टाफरूममध्ये पाच कप होते आणि तिच्या वाट्याला रोज एकच यायचा, कान तुटलेला. तो कप तिच्यासाठी वेगळा काढलेला होता, की तुटका म्हणून दुसरं कोणी घेत नव्हतं, हे तिला वर्षभरात कळलं नाही. विचारावं तर कसं विचारावं? आणि खरं उत्तर कोण देणार? तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीकडे जरा तिरकंच बघायची.

कागदांची कल्पना तिचीच. सातवीत जगातल्या लोकांवर धडा होता, कोण काय खातं, कसं राहतं, कुठून कुठं गेलं. बर्फातल्या घरांचं चित्र बघून पोरं जांभया देत होती. तिला वाटलं, सुरुवात आपल्या घरापासून करू. मग तिनं स्वतःच्या हातानं एक कागद लिहिला. वर नाव दिलं, 'आमच्या घराचा भूगोल'. आजोबा मूळ कोणत्या गावचे आणि इकडे कसे आले, शेतात काय काय पिकतं, घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, आजी कोणत्या बोलीत रागावते, असे साधे प्रश्न. खाली पालकांची सही, म्हणजे पोरांनी घरी खरंच विचारलं हे कळावं. तिच्या नवऱ्याचं, प्रतीकचं, पांढुर्ण्यात तहसिलीसमोर ऑनलाइन सेंटर होतं. त्यानं एका बाजूनं वाया गेलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर तिला झेरॉक्स काढून दिल्या. शाळेत कोऱ्या कागदांची नेहमीच मारामार. वरचे चार-पाच उलटून बघितले तर मागं जुन्या परीक्षेचं वेळापत्रक. चालतंय, म्हणून तिनं गठ्ठा उचलला होता.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी होती. समोर पानठेल्याजवळ गजेंद्र सर भैय्याजींशी बोलत उभे होते. गजेंद्र सर शाळेचे कायम शिक्षक, गणिताचे. भैय्याजी म्हणजे हिमानीचे आजोबा, संत्र्याचे बागायतदार आणि पालक समितीचे सभासद. भैय्याजींनी खिशातून काहीतरी काढून सरांना दाखवलं, सरांनी मान हलवली, आणि दोघांनी एकदमच शाळेकडे पाहिलं.

प्रज्ञाला तेवढं पुरलं. गजेंद्र सरांच्या चुलत बहिणीनं, अर्चनानं, याच जागेसाठी अर्ज भरला होता आणि यादीत ती प्रज्ञाच्या एक नंबर खाली होती. प्रज्ञानं सगळं जुळवून टाकलं. पालकांना भडकवायचं, मॅडमच्या तासाला पोरं ऐकत नाहीत असं दाखवायचं, आणि पुढच्या वर्षी पाहुणीला दार दाखवायचं. भडकवायला तिची जात होतीच.

ती तडक प्रधानपाठक उषा मॅडमकडे गेली. गावात सगळे त्यांना बडी मॅडम म्हणत.

"गजेंद्र सरांनी पालकांना माझ्याविरुद्ध लावून दिलं," प्रज्ञा म्हणाली. "फक्त आमच्या वस्तीतल्या पोरांचे कागद आले. बाकी गावानं बहिष्कार टाकल्यासारखं केलं. याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

बडी मॅडमनी चष्मा काढला. "कोणाला विचारलं का तू?"

"विचारायचं काय? डोळ्यांना दिसून राहिलं नं."

दार उघडंच होतं आणि गजेंद्र सर हजेरीपट घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले नाहीत. हजेरीपट खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि परत गेले. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये ते तिच्याशी एक शब्द बोलेनात. प्रज्ञाला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

घरी प्रतीकला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण हिमानीच्या आजोबालेच विचार ना एकदा. एवढं मनात धरून कशाला फिरून राहिली?"

"ते खरं सांगतील?"

"नाही सांगणार तर नाही सांगणार. तुझं काय जाते?"

बुधवारी शाळा सुटल्यावर ती भैय्याजींच्या घरी गेली. हिमानी पुढं पळत गेली आणि आत जाऊन लपली. ओसरीवर शकुबाई, भैय्याजींची बायको, सुपात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. भैय्याजी खाटेवरून उठले, खुर्ची पुसून दिली. चहा आला. प्रज्ञानं नकळत कपाकडे पाहिलं. तिघांचे कप एकाच जोडाचे, निळ्या फुलांचे होते. तिला स्वतःचीच चीड आली, पण बघितल्याशिवाय राहवलंही नाही.

"भैय्याजी, सरळ विचारते," ती म्हणाली. "गावातून तीस कागद आले नाहीत. तुम्ही सांगितलं म्हणून आले नाहीत, हेही मला कळलं. माझ्या जातीचं काही असेल तर तोंडावर सांगा. मला मागून बोललेलं नको."

भैय्याजींच्या हातातला कप बशीवर आपटला. "जात? जात कुठून आली बापा मधात? मी जमिनीचं बोलून राहिलो."

"कोणती जमीन?"

ते आत गेले. देवाच्या फोटोमागून प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. तिच्यात जमिनीचं पासबुक होतं आणि हिमानीचा कागद. कागद त्यांनी खाटेवर उलटा ठेवला आणि बोट टेकवलं.

मागं हिंदीत छापलं होतं. खसरा नंबर, म्हणजे गट क्रमांक. रकबा, म्हणजे क्षेत्र. भूमिस्वामी का नाम. आणि तळाशी, 'उक्त भूमि के सर्वेक्षण में मुझे कोई आपत्ति नहीं है।' त्याखाली सहीसाठी रेघ.

"पुढं मराठीत गोडगोड," भैय्याजी म्हणाले. "आजोबाचं गाव कोणतं, शेतात काय पिकते, जुनी परात कोणती. अन् मागं हिंदीत खरं काम. अन् सही कोणाची मांगून राहिले? पालकाची! पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रोज ऐकतो आम्ही, इथं ऑफिस येणार, तिथून रस्ता जाणार. आता शाळेच्या पोट्ट्याईच्या हातून सह्या घेऊन राहिले म्हटलं. मी सगळ्याईले सांगतलं, कोणी पेन लावू नका."

प्रज्ञानं कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तिचं अक्षर एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. कोणत्याशा कंत्राटदारानं छापून घेतलेले आणि चुकलेले फॉर्म असणार. प्रतीकच्या टेबलाखाली असे गठ्ठे कायम पडलेले असायचे.

"हा रद्दीचा कागद आहे, भैय्याजी. आमच्या घरच्यांच्या दुकानातून आणला मी. तहसिलीसमोर दुकान आहे, तिथं..." बोलता बोलताच तिला कळलं की हे सांगायला नको होतं.

"तहसिलीसमोर," भैय्याजींनी सावकाश म्हटलं. "म्हणजे तहसिलीतूनच आला नं कागद."

"तहसिलीतून नाही, समोरून!"

"समोरून काय अन् आतून काय."

शकुबाईनं सूप बाजूला सारलं. "अहो, आठ दिवस झाले मी म्हणून राहिली, मॅडमले जाऊन विचारा. तर नाही. गजेंद्र सरांले दाखवला, तेही म्हणाले का मॅडमलेच विचारा. तरी नाही! देवामागं कागद ठेवून बसले."

प्रज्ञा एकदम थांबली. "गजेंद्र सर तसं म्हणाले?"

"हाव," भैय्याजी म्हणाले. "सर म्हणाले, मॅडम असं करणार नाही, काही चुकी झाली असंल. मी म्हटलं, तुम्ही शाळेचेच, तुम्ही तेच म्हणसान."

तिला ओसरीवर बसवेना. ती म्हणाली, "फाडून टाका तो कागद. माझ्यासमोर फाडा."

"फाडू कायले? पुरावा आहे तो." भैय्याजींनी कागदाची घडी करून पुन्हा पासबुकात ठेवली.

रात्री तिनं पर्समधले अकरा कागद काढून उलटे केले. सगळ्यांच्या मागं परीक्षेचं वेळापत्रक होतं. म्हणजे गठ्ठ्यातले वरचे कागद या अकरांना गेले होते आणि खालचे जमिनीचे फॉर्म बाकीच्यांना. एवढी साधी गोष्ट. जात नाही, बहिष्कार नाही. तिला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरा प्रश्न पडला. वरचे कागद नेमके या अकरांनाच कसे गेले?

कारण तिनं वाटायला सुरुवात खिडकीकडच्या रांगेपासून केली होती. आणि खिडकीकडच्या रांगेत विहाराकडची पोरं बसायची. सगळी एकत्र. त्यांना तिथं कोणी बसवलं नव्हतं. वस्तीतून घोळक्यानं यायची, घोळक्यानं बसायची. पण त्यांना कोणी उठवलंही नव्हतं. सौंसरच्या शाळेत ती स्वतः अशाच एका रांगेत सात वर्षं बसली होती. दोन महिने ती रोज या वर्गात उभी राहून जगातल्या लोकांबद्दल बोलत होती, आणि समोरच्या रांगा तिला दिसल्या नव्हत्या.

गुरुवारी ती आधी गजेंद्र सरांकडे गेली.

"सर, माझं चुकलं. मी तुमच्याबद्दल जे बोलले ते..."

सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्चनाचा अर्ज मीच भरला होता, मॅडम. ते खरं आहे. लपवून नाही भरला. पण सहा पावलांवर माझा टेबल आहे. तुम्ही मला विचारलं नाही, बडी मॅडमकडे गेल्या. ते लागलं मला."

"हो."

"भैय्याजीनं कागद दाखवला तेव्हा मीही तुमच्यापाशी यायला पाहिजे होतं. नाही आलो. वाटलं, तुम्ही म्हणाल, हा कायले नाक खुपसून राहिला." त्यांनी पुढची वही ओढली. "जाऊ द्या आता."

पण गेलं नाही ते. पुढं बोलणं सुरू झालं, ते कामापुरतं.

वर्गात तिनं नवा हिशेब मांडला. कागद रद्द, सही रद्द. जे लिहायचं ते आपापल्या वहीत. मग एका डब्यात देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या, बाकांवर त्याच देशांची नावं चिकटवली आणि ज्याला जो देश निघेल त्यानं तिथं बसायचं ठरवलं. चंचल आणि हिमानी दोघींना पेरू निघाला. पोरांना आधी फार मजा वाटली, नंतर मैत्रिणी दुरावल्या म्हणून काही पोरी रडल्या. तिसऱ्या दिवशी एक आई आली. म्हणाली, पोरीचे डोळे दुखतात, तिला पूर्वीच्या जागी बसवा. दुसरी एक आईही तेच म्हणाली. प्रज्ञानं त्या दोन पोरींना समोरच्या बाकांवर बसवलं, पण सोबतीण बदलली नाही. खरंच डोळ्यांचं होतं की दुसरं काही, तिला कळायला मार्ग नव्हता. एकीला पुढच्या महिन्यात चष्मा लागला. दुसरीनं डोळ्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

आणि भैय्याजी रोज शाळेत यायला लागले. पालक समितीचा सभासद म्हणून त्यांना कोण अडवणार? दाराजवळ खुर्ची टाकून, मांडीवर दुपट्टा ठेवून बसायचे. "मी पाहून राहिलो, काय शिकवता ते," एवढंच म्हणाले. पहिले दोन दिवस ते फक्त ऐकत होते. तिसऱ्या दिवशी प्रज्ञानं नकाशा टांगला आणि आपल्या ताटातल्या वस्तू कुठून आल्या ते सांगायला लागली. मिरची समुद्रापलीकडून, अमेरिकेतून. बटाटा पेरूकडून. ज्वारी आफ्रिकेतून. संत्र्याचं मूळ चीन आणि आसामच्या बाजूला.

"थांबा!" दाराजवळून आवाज आला. "संत्रा चीनचा?"

पोरं खिदळली.

"फार जुनी गोष्ट आहे, भैय्याजी. नागपूरकडे तो भोसल्यांच्या काळात औरंगाबादेकडून आला असं सांगतात."

"सांगतात म्हणजे कोण सांगते? पाहिलं कोणी? लिहून ठेवलं कोणी? कोणत्या सालात आला?"

प्रज्ञाच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. मग पोरांकडे वळली. "ऐकलं का? इतिहासात पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. कोणी सांगितलं, पाहिलं कोणी, आणि लिहून ठेवलं कोणी. भैय्याजींनी तीन मिनिटांत तीनही विचारले." तिनं फळ्यावर दोन रकाने पाडले. एकात, ज्याचा पुरावा सापडतो ते. दुसऱ्यात, नुसतं सांगतात ते. भोसल्यांचा संत्रा दुसऱ्या रकान्यात गेला. भैय्याजी थोडे शांत झाले.

"अन् तूर?" त्यांनी जरा वेळानं विचारलं.

"तूर आपलीच. इथलीच."

"ते तरी बरं झालं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्यासकट सगळा वर्ग हसला.

पुढचे पंधरा दिवस सातवीत नुसती भांडणं चालली. प्रत्येक पोर घरून काहीतरी ऐकून यायचं आणि दुसरं पोर विचारायचं, "कशावरून?" चंचलनं आजीकडून ऐकलेलं गाव लिहून आणलं. वर्गानं पुरावा मागितला तर दुसऱ्या दिवशी आजीच्या माहेरचा पितळी तांब्याच घेऊन आली. त्यावर गावाचं नाव कोरलेलं होतं. कागद न आलेल्या तीसपैकी बावीस वह्या भरल्या. आठ घरांनी शेवटपर्यंत काही लिहू दिलं नाही. का, ते प्रज्ञानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिचा त्या उत्तरावर विश्वास बसला असता की नाही, कोण जाणे.

भैय्याजींनी हिमानीला सगळं सांगितलं. त्यांचे वडील वरूडकडून बैलगाडीनं आले, सोबत ओल्या पोत्यात गुंडाळलेली संत्र्याची कलमं होती, नदीला पाणी होतं म्हणून दोन दिवस अलीकडेच थांबले. एवढं सांगून झाल्यावर साल मात्र लिहू दिलं नाही. "साल कायले पाहिजे त्यांले?" म्हणाले.

एप्रिलमध्ये वर्ष संपलं. पावसाळ्यात यादी निघाली तेव्हा प्रज्ञाला पुन्हा तीच शाळा मिळाली आणि अर्चनाला शेजारच्या गावातली. दोघी आता पांढुर्ण्याहून एकाच ऑटोनं जातात. पहिल्याच आठवड्यात अर्चनानं विचारलं, "ताई, ते घराच्या भूगोलाचं तुम्ही नेमकं कसं केलं? मलेही करायचं आहे माझ्या सातवीत."

प्रज्ञानं तिच्याकडे पाहिलं. शिकायला विचारते आहे, की पुढच्या यादीसाठी? चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ऑटो रेल्वे फाटकाशी थांबला, मालगाडी जायची होती. प्रज्ञानं पर्समधून वही काढली, मांडीवर उघडली आणि म्हणाली, "आधी मला सांग, तुझ्या वर्गात पोरं बसतात कशी?"